दोन्ही उजव्या हाताचे

९ जानेवारी, शुक्रवार

चि. बिट्टीस,
अनेक आशीर्वाद.

आज दुकान अकराला उघडलं. तीन घड्याळं आली, त्यातल्या एकात नुसतं पाणी गेलं होतं. दुपारी जेवून भांडी घासली. थंडी वाढली आहे, गुडघा ठीक आहे. तुझ्या फुलांच्या गोदामात त्या थंड खोलीत अजून आठ तास उभं राहावं लागतं का?

सोबत हातमोजे पाठवतो आहे. बोटं उघडी राहतात, त्यामुळे देठ कापायला आणि दोरा बांधायला अडचण येणार नाही. उजवा तुझ्या आईने विणला आहे. डावा मी. हसू नकोस.

आई गेल्यावर दोन महिने तिची लोकरीची पिशवी मी उघडली नव्हती. मागच्या महिन्यात कपाट आवरताना उघडली. आत एक मोजा पुरा झालेला, आणि दुसऱ्याची मनगटाची पट्टी चार बोटं विणून सुयांवर तशीच. समोरच्या शिवणवाल्या वहिनींकडे घेऊन गेलो. म्हटलं, एवढा पुरा करून द्या.

"मी नाही हो," त्या म्हणाल्या. "केसाएवढे स्क्रू फिरवता, आणि दोन सुया धरवत नाहीत? बसा, भाऊजी."

बसलो. सुलट टाका दोन दिवसांत जमला, उलट टाक्याने आठवडा खाल्ला. त्यांच्या मते मी सुई पेचकसासारखी धरतो.

आईने कुठे काही लिहून ठेवलेलं नाही. म्हणून डोळ्याला भिंग लावून तिच्या मोज्याचे टाके मोजले आणि दुरुस्तीच्या वहीत ओळीने उतरवले. जुना भाग जसा निघाला तसाच नवा बसवायचा, हेच मी चाळीस वर्षं करत आलो आहे. टाक्याला टाका जुळला. वहिनींनी दोन्ही मोजे टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि खुर्चीवरून पडायच्याच राहिल्या.

"अहो भाऊजी, दोन्ही उजव्या हाताचे! ही वेणीची नक्षी हाताच्या पाठीवर यायला हवी ना? मग बघा, दोन्हीकडे अंगठा एकाच बाजूला."

"मग आता?"

"आता काय! लेकीला कळवा, डावा हात घरी ठेवून कामाला जात जा."

मला हसू आलं. आई गेल्यापासून पहिल्यांदाच असेल. वहिनी उठून पाणी आणायला आत गेल्या.

घरी येऊन माझा मोजा उसवला. आईच्या पट्टीपाशी थांबलो, तिची एकही ओळ उसवली नाही. मग अंगठा दुसऱ्या बाजूला घेऊन पुन्हा विणला. नीट पाहिलंस तर जोड दिसेल. तिची वीण सारखी आहे, माझी आवळलेली.

उसवताना एक गोष्ट डोक्यात होती, ती आता लिहितो. दोन कागद फाडले, हा तिसरा आहे.

तू शाळेतली नोकरी सोडून गोदामात गेलीस म्हणून आई सहा महिने तुझ्याशी बोलली नाही. ती गेली त्या दिवशी इस्पितळाच्या जिन्यात तू विचारलंस, "बाबा, शेवटी तरी तिने माझं नाव काढलं का?" मी म्हणालो, तिला शुद्धच नव्हती.

शुद्ध होती. सोमवारी दुपारी ती उशीला टेकून चांगली बसली होती. म्हणाली, "बिट्टीला बोलावून घ्या. हाताचं माप घ्यायचंय." एवढंच. तिला तू ओळखतेस, याहून जास्त ती बोलली नसती. मी म्हटलं, करतो फोन. मग वाटलं, तुझी नवी नोकरी, सुट्टी कशाला काढायला लावायची, दोन दिवसांत ही घरी येईलच. फोन केला तो बुधवारी. तोवर तिला खरंच शुद्ध नव्हती.

जिन्यात खरं सांगितलं असतं तर चूक माझी ठरली असती. म्हणून तिचा अबोला तसाच राहू दिला, आणि तू तो घेऊन परत गेलीस. दर रविवारी तू फोनवर "जेवलात ना, बरे आहात ना" एवढंच विचारून ठेवतेस, तेव्हा मला ते कळतं.

माझ्यावर रागाव. पण आई रागात गेली असं आता समजू नकोस. माप न घेता, नुसत्या अंदाजाने विणलेला तिचा मोजा तुला बसतो का, तेवढं कळव. उत्तर नाही आलं तरी चालेल असं लिहिणार होतो, पण ते खरं नाही.

अजून एका जोडीपुरती लोकर उरली आहे. मोजपट्टीही पिशवीच्या तळाशी सापडली. आलीस तर या वेळी माप घेऊन विणू.

टपाल पाचला उचलतात. दोन्ही मोजे मघापासून हातात घालूनच लिहितो आहे. मला घट्ट होतात, पण बोटं मोकळी असल्याने लिहायला अडत नाही. थोडे ताणले गेले असतील, एकदा कोमट पाण्यात धुऊन घे. आता काढतो, घडी घालतो आणि पेटीत टाकून येतो.

आईचा निरोप तीन महिने उशिरा पोचवणारे,
तुझे बाबा