ज्योतिबाची करवत

वडूज,
बुधवार

प्रिय सृष्टी,

लालासाहेबांच्या वखारीतल्या तीन करवतींचे फोटो तू मोबाईलवर पाठवलेस आणि विचारलंस, यातली आबांची कुठली? वखार मोडतेय आणि तुझ्या वडिलांची करवत ते तुला देणार आहेत, हे वाचून बरं वाटलं. ज्योतिबासमोर एकोणीस वर्षं करवतीचं दुसरं टोक धरलं ते मी, म्हणजे ओळखायचंही मीच. पण फोटोत सगळ्या सारख्याच गंजलेल्या दिसल्या. म्हणून काल एसटीनं कोरेगावला जाऊन आलो.

लालासाहेबांनी तिन्ही जमिनीवर मांडून ठेवल्या होत्या. शिक्के वाचता यावेत म्हणून मी खडूची पूड चोळली. एकीवर हत्तीची सोंड तेवढी उमटली, बाकी दोन्ही कोऱ्या. दाते तिन्हींचे एकाच चालीचे, चार कापणारे आणि मग भुसा बाहेर ओढणारा एक दुबेळका. त्यावरूनही काही ठरेना. मग टेप लावला. लांबी टोकापासून टोकापर्यंत सरळ मोजायची. पोटाच्या गोलाईवरून टेप फिरवला की माप खोटं येतं, हे तुझ्या वडिलांनीच मला शिकवलेलं. दोन भरल्या साडेपाच फूट. तिसरी पाच फूट दोन इंच. लालासाहेब म्हणाले, "मल्हारी, परत मोज रं. कानस मारून करवत अरुंद हुती, आखूड कशी हुईल?" मी परत मोजली नाही. बाहेर जाऊन नळावर तोंड धुतलं.

ती आखूड तुझी. त्या दिवशी आम्ही रस्त्याकडेची चिंच कापत होतो. तू तेव्हा दीड वर्षाची. खोडात करवत अडकली. मी पाचर ठोकायला उभा होतो, ज्योतिबा पलीकडून वाकून करवत सोडवत होता. खोड कुरकुरलं. झाड त्याच्याकडं कलतंय हे मला आधी दिसलं, आणि मी पळालो. ओरडायला तोंड उघडलं, आवाजच फुटला नाही. बुंध्याखाली त्याच्या बाजूचं टोक मोडलं. लोहारानं तेवढं चार इंच कापून मुठीसाठी नवं भोक पाडलं, आणि मीच ती पुढं नऊ वर्षं दुसऱ्या गड्याबरोबर ओढली. दुसरं काम येत नव्हतं, पोरी.

तू विचारलंस ते एवढंच होतं, आणि त्याचं उत्तर फोनवरही देता आलं असतं. पुढचं मात्र बोलून होणार नाही. लोक जमले तेव्हा मी सांगितलं, लय हाका मारल्या, त्याला गेल्या न्हाईत. कुणीतरी म्हणालं, व्हय, ज्योतिबाला कमीच ऐकू येत असंल. गाव तेच बोलू लागलं. तुझ्या आईनं, साळूवहिनीनंही तेच धरलं. वेळीच डॉक्टरला कान दाखवायला हवा होता, म्हणून जन्मभर स्वतःला बोल लावत राहिली. दर दिवाळीला तिच्या उंबऱ्यात जाऊन बसायचो आणि चहा पिऊन तसाच परत यायचो. गेल्या चैत्रात ती गेली. तिला सांगायचं राहूनच गेलं. उद्या तुझी लेकरं विचारतील, आजोबा कसे गेले. ते बहिरे होते असं सांगू नकोस. त्याचे कान शाबूत होते. मी हाक मारलीच नाही.

तुझाच,
मल्हार