बोडीवरचं इंजन आणि तुझं महागडं ऑइल

प्रिय अनस,

सहा वर्षांनी लिहून राह्यलो, म्हणून पहिलीच ओळ तीनदा खोडली. मग ठरवलं, काल जे झालं तेच आधी सांगावं. काल मी सिंदेवाहीले गेलो अन् लिटरभर सिंथेटिक ऑइल विकत घेऊन आलो. हो, मीच. दुकानदार डबा हातात देताना म्हणते, भाऊ, एवढ्याशा पंपाच्या इंजनाले हे काऊन, साधंच न्या ना. मी पैसे मोजले. तू असता तर त्याले अर्धा तास उभं करून शिकवलं असतं अन् शेवटी त्यानंच हात जोडले असते.

इथलं काय सांगू? ऊन असं आहे का सकाळी नऊ वाजताच अंगातलं सगळं निघून जाते. मी बहुत थकलो गा. चाळिशी अजून यायची आहे अन् उठताना गुडघ्यावर हात ठेवून उठतो. बाबा दिवसभर अंगणातल्या बाजेवर पडून राह्यतात, बोलणं कमी झालं. मोहफुलं वेचायले जायचं तर वाघाच्या भीतीनं दहा जण गोळा झाल्याशिवाय कोणी घरून निघत नाई. मागच्या सोमवारी बाजारात तुझी आई, खैरुनचाची, भेटली. तिनं मले ओळख दिली, हेच बहुत झालं. म्हणाली, अनस गडचांदूरले सिमेंटच्या कारखान्यात पोती भरायच्या कामावर आहे. मी विचारलं, तिथी तर सत्तर मशिनी असतील, दुरुस्तीचं काम नाई भेटलं काय? ती म्हणाली, भेटत होतं, पण तो आता इंजनाले हात लावत नाई, म्हणते माझ्या हाताचा भरोसा नाई. एवढं बोलून ती वांगे निवडायले लागली. मी तिथीच उभा राह्यलो, पिशवी रिकामी घेऊन.

आयटीआयमध्ये मास्तरांनी आपल्याले डोळे बांधून कार्बोरेटर जोडायले लावला होता, आठवते? तू अकरा मिनिटांत जोडला, माझी त्यातली बारकी जेट हरवली अन् ती तुझ्या चपलेखाली सापडली. अशा माणसाच्या हाताचा भरोसा जाते म्हणजे काय! पुढे बाबांनी आपली ओसरी तुले दुकानाले दिली. तू रोज सकाळच्या बसनं सिंदेवाहीवरून यायचा, फवारणीचे पंप, पाण्याची इंजनं, गवत कापायच्या मशिनी सगळं दुरुस्त करायचा, अन् दुपारी आपल्याच ताटात जेवायचा. भांडण एकच होतं, ऑइलचं. इथले लोक ट्रकमधून काढलेलं काळं ऑइल धोतराच्या फडक्यातून गाळून इंजनात ओततात, अन् मीही तेच करत होतो. तू चिडून लाल व्हायचा. म्हणायचा, या बारक्या इंजनाले ऑइल पोहचवायले पंप नाई का फिल्टर नाई. कनेक्टिंग रॉडखाली एक चमचा आहे, तो ऑइल उडवते तेवढंच. त्यात तुम्ही घाण ओतता. मी म्हणायचो, तुझं औषध तिप्पट भावाचं आहे, रोग्यापेक्षा डाक्टरच महाग पडते.

शेवटी सहा वर्षांआधी तू सात घरच्या लोकाइले पटवलं. बोडीच्या तळ्यातून पाणी ओढायचं इंजन सात घरांचं, सात घरांनी पाणी वाटून घ्यायचं, एकेका घराले एकेक दिवस. पाऊस दसऱ्याआधीच गेला होता, धान गर्भात होता, इंजन रोज नऊ-दहा तास चालणार होतं. तू म्हणाला, एवढ्या तापात साधं ऑइल पाण्यासारखं पातळ होते, यंदा चांगलं टाकू. स्वतः जुनं काढलं, नवं टाकलं. बोडीच्या बांधावर चपटा दगड बसवला, अर्धी भरलेली पाण्याची बाटली त्यावर आडवी ठेवून सपाट आहे का पाह्यलं, अन् सगळ्याइले बजावलं का इंजन या दगडावरून हलवायचं नाई, हलवलं तर आधी जागा सपाट करायची. सात घरांतल्या पोचूनं बाटलीवरून तुझी थट्टाही केली होती.

माझा दिवस पाचवा होता. तोवर बोडीचं पाणी हातभर उतरलं होतं अन् पाइप पाण्यापर्यंत पोहचत नव्हता. खालच्या अंगाले कुदळीनं पायरी करून दगड तिथी बसवायचा, तर तास गेला असता. चार वाजले होते. पाचले शेत सोडावं लागते, त्याच आठवड्यात पलीकडच्या नाल्यावर वाघानं बैल मारला होता. माझ्या धानाच्या दोन बांध्या कोरड्या राह्यल्या होत्या अन् दुसऱ्या दिवशी पोचूचं पाणी होतं. मी इंजन उतारावर सरकवलं, मागून वीट लावली अन् चालू केलं. ते पाण्याकडे तोंड करून चांगलं तिरपं झालं होतं. मले दिसत होतं, अनस. आयटीआय मीही केली आहे. मनात म्हटलं, अर्धाच तास तर आहे. वीस-पंचवीस मिनिटांनी आवाज बदलला, मग लोखंड किंचाळल्यासारखं झालं अन् इंजन थांबलं. दोरी ओढून पाह्यली, हलेना.

अन् मग मी जे केलं ते आजवर कोणाले सांगतलं नाई. माणसं बोलवायच्या आधी मी एकट्यानं ते गरम इंजन ओढत वर आणलं अन् परत तुझ्या दगडावर ठेवलं. तळहात भाजले. वीट पाण्यात फेकली. मगच आवाज दिला.

पुढचं तुले माहीत आहे. पोचूनं आल्याबरोबर म्हटलं, हे त्या नव्या ऑइलनं केलं. सगळ्याइले तेच पाह्यजे होतं. इंजन कोणी उघडूनही पाह्यलं नाई. तीन दिवस दुसरं इंजन भेटलं नाई, सगळ्याइचा धान हलका भरला. गोष्ट ऑइलवरून तुझ्यावर आली, अन् तुझ्यावरून तुझ्या लोकाइवर गेली. तेव्हा मी तिथीच बसलो होतो, मान खाली घालून. बाबांनी तुले ओसरी रिकामी करायले सांगतलं. तू पाने-पेचकस पोत्यात भरत होता अन् मले एकच विचारलं का इंजन कुठी होतं. मी म्हटलं, दगडावर. तू माझ्याकडे पाह्यलं अन् मान डोलावली. तुले माझा भरोसा होता, म्हणून त्या दिवसापासून तू स्वतःचा भरोसा सोडला. हे मले सोमवारी बाजारात समजलं. सहा वर्षं मी असं समजत होतो का तू तालुका सोडला, दुसरीकडे दुकान टाकलं असेल, माझ्यापेक्षा चांगलाच असेल. स्वतःले असंच समजावून माणूस जगते.

बाजार सोमवारचा. मंगळवारी विक्की नावाचा एक माणूस मोटारसायकलवर आला. मोहर्लीच्या एका रिसॉर्टवर तो कारभार पाह्यते. जनरेटर, पाण्याचे पंप, गवत कापायच्या मशिनी, सगळ्याले एक कायमचा मिस्त्री पाह्यजे. तुझं नाव त्याले खैरुनचाचीनं दिलं होतं, म्हणून तो इथी तुझी चौकशी करायले आला. चहाच्या टपरीवर पोचू बसला होता. त्यानं हसत सांगतलं का त्याच मिस्त्रीनं आमचं इंजन जाम केलं होतं, महागडं ऑइल टाकून. विक्की बरं म्हणाला अन् चहा संपवून गेला. मी बाजूच्याच बाकावर बसलो होतो. तोंड उघडलं नाई. दुसऱ्यांदा, अनस! यावेळी वाघाचंही कारण नव्हतं.

घरी आलो अन् सरळ गोठ्यात गेलो. गोठ्याच्या कोपऱ्यात ते इंजन तसंच पडून होतं, वर कोंबड्या बसतात. ते अंगणात ओढलं अन् उघडलं. तुझं ऑइल आत होतं गा. सहा वर्षांनीही अर्ध्या लिटरच्या वर निघालं, बोटाले बुळबुळीत, चांगलं. रॉडचा खालचा भाग निळा पडलेला अन् चमचा कोरडा जळालेला. इंजन तिरपं होतं म्हणून ऑइल सगळं एका अंगाले जमा झालं होतं, चमचा त्याले शिवलाच नाई. कोणतंही ऑइल असतं तरी हेच झालं असतं. बाबा बाजेवर उठून बसले होते. त्यांनी विचारलं काय निघालं, अन् मी त्यांना सगळं सांगतलं, विटेपासून. मग म्हणाले, मी त्या पोराले आपल्या ताटातून उठवलं. अन् तोंड भिंतीकडे करून झोपले.

ऑइलचं म्हणशील तर आता मले काय वाटते ते सांगतो, तू चूक काढ. वर्षाले आठ दिवस चालणाऱ्या इंजनाले साधं ऑइल वेळेवर बदललं तरी पुरे, तिथी महागडं टाकणं म्हणजे मिरवणं. जुनं, सील झिजलेलं असेल तर नवं ऑइल पाझरते, तेही मी पाह्यलं. पण उन्हात दिवसभर पूर्ण जोरात चालणाऱ्याले ते पाह्यजेच, फक्त महाग आहे म्हणून जास्त दिवस ठेवायचं नाई, कारण फिल्टर नाई, घाण आतच राह्यते. म्हणजे तू जे सांगत होता तेच. यंदा सात घरांच्या नव्या इंजनात मी तेच टाकून राह्यलो, अन् लोकाइले सांगून टाकून राह्यलो.

वरचं सगळं मी गुरुवारी लिहिलं. आज शनिवार आहे. फोनवर एवढं बोलता आलं नसतं असं नाई, पण फोनवरचं बोलणं मी उद्या नाकारू शकलो असतो, म्हणून कागदावर लिहिलं. काल हे पत्र मी टपरीवर उभं राहून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं, सातही घरांची माणसं होती. पोचू मधूनच उठून गेला. बाकीचे मले जे बोलायचं ते आता घरी बोलत असतील. आज सकाळच्या बसनं मोहर्लीले जाऊन याची नक्कल विक्कीच्या हातात दिली. त्यानं वाचली, घडी घालून खिशात ठेवली अन् म्हणाला, पुढच्या मंगळवारपर्यंत त्याले यायले सांगा. जा नको जा, ते तुझं. माझ्याशी बोलू नको, तेही चालेल. पण एकदा एखादं इंजन उघड. ते मी जाळलं, अनस. तुझ्या हातानं काहीच बिघडलं नव्हतं.

तुझाच, तू म्हणू दिलंस तर,
हेमराज

(खाली सही बाबांची आहे. मी हात धरला नाई, त्यांनी स्वतः केली.)
देवाजी