द्राक्षरसाचा डाग

२ मार्च २०२५, रविवार

प्याल्याची चांदी गेली! 

नवापूरच्या आमच्या छोट्या चर्चमधली चांदीची भांडी – प्रभुभोजनाचा मोठा प्याला, सुरई, ताट, मेणबत्त्यांची स्टँडं – शहरातल्या संग्रहालयाला द्यायचं मंडळीनं ठरवलं होतं. फार पूर्वी कुणा मडमेनं बोटीनं आणलेली. प्याल्याभोवती द्राक्षांचा वेल, पानापानावर शिरा, झाकणावर क्रूस. हल्ली प्रत्येकाला द्राक्षरसाचा काचेचा चिमुकला पेला मिळतो. मोठा प्याला निघतो तो नाताळ-ईस्टरलाच. चोरीला गेला तर? त्यापेक्षा काचेच्या कपाटात सुखरूप राहील, असं सगळ्यांचं म्हणणं. मीही हात वर केला. सासूबाईंनी, म्हणजे आमच्या आईंनी, केला नाही.

आज उपासनेनंतर संग्रहालयाच्या रुचिका मॅडम आल्या. प्याला उजेडात धरला, आतून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, “हे तांबं आहे.”

तांबं! भर मंडळीत!

लग्न होऊन आल्यापासून ती भांडी आमच्या आईच घासतात, कपाटाची चावी त्यांच्याच कमरेला. पंच दोधूकाका सगळ्यांदेखत त्यांच्याकडे वळले – “रमिलाबाई, चांदी कथी गयी?”

म्हातारीला सरळ चोर ठरवलं! मी काय बोलले ते इथे लिहीत नाही. पाळकसाहेबांनी कानावर हात ठेवले, एवढं खरं.

३ मार्च

आई जेवल्या नाहीत.

५ मार्च, राखेचा बुधवार

आजचाच वार निघायचा होता!

रुचिका मॅडम घरी आल्या. भिंगातून प्याला पाहून झाला होता. म्हणाल्या, कुणी काही चोरलेलं नाही. प्याला मुळातच तांब्याचा, वरून चांदीचा मुलामा. “तुम्ही तो घासता कशानं?”

“राख नि चिंच,” आई म्हणाल्या.

मॅडमनी डोळेच मिटले.

पण आमच्याकडे चांदी राखेनंच घासतात! आईंच्या हातातली जाड कडी त्यांच्या आईची, तिच्याही आईची. राखेनं घासून घासून पांढरीशुभ्र. चांदी म्हणजे आरपार चांदी. वरवरची चांदी असते, हे ठाऊक होतं कुणाला? प्याला आतून तांबूस दिसायला लागला तेव्हा सगळ्यांना वाटलं, द्राक्षरसाचा डाग पडला. मलाही तेच वाटलं.

“डाग निंघे नही, मंग मी आखो जोरमा घसू,” आई म्हणाल्या. आणि मग एकदम कळलं त्यांना. दोन्ही हात समोर धरून बघत राहिल्या. “मीच चोर शे वं ममता! मन्हाच हातसनी खाई टाकी.”

मला रडू आवरेना. इतकी वर्षं बाई देवाचा डाग काढत होती आणि डाग वाढतच होता.

मॅडम बिचाऱ्या गडबडल्या. म्हणाल्या, संग्रहालयाला प्याला असाच हवा – झिजलेला, बोटांच्या खुणांसकट. फक्त आता घासायचा नाही. आणि नवा मुलामा तर मुळीच नाही. “मुलामा चढला की आमच्यासाठी ती वस्तू मेली!”

आई पदरात तोंड घालून बसलेल्या. म्हणून मीच त्यांना अहिराणीत सगळं पुन्हा समजावून सांगितलं. त्यांनी नुसती मान हलवली. ऐकलंसुद्धा नसावं.

दोधूकाका माफी मागतील म्हणून संध्याकाळी वाट पाहिली. आले, चहा प्याले. “शंका तं येसच ना,” म्हणे. चहात साखर कमी घातली होती, बरं केलं.

१४ मार्च

हे काठी गावची आदिवासींची होळी बघून आले. तिथल्या बायकांच्या अंगावरची चांदी बघून म्हणे एकीला विचारलं, “राखेनं घासता का?” ती म्हणाली, मग कशानं?

हे हसत सांगत होते. आई उठून आत गेल्या.

२९ मार्च, शनिवार

आईंच्या हातात कडी नाहीत! मनगटावर नुसते फिकट पट्टे. विचारलं तर म्हणाल्या, सैल झाली होती. ती कडी कधी निघालेली मी तरी पाहिली नाहीत. काहीतरी आहे. यांना सांगितलं तर “तुझं आपलं काहीतरीच!”

८ एप्रिल, मंगळवार

हे देवा! काय करून ठेवलं म्हातारीनं!

संग्रहालयाची गाडी आली. आईंनी कपाट उघडलं, मखमली पिशवी मॅडमच्या हातात दिली. मॅडमनी प्याला काढला आणि घाईघाईनं आत बोट फिरवलं.

लखलखीत! द्राक्षांवर नजर ठरेना. आतून पांढराफेक – तांबं कुठे औषधालासुद्धा नाही! आईंनी गुपचूप सोनाराकडे दिला होता, सोनारानं सुरतेला पाठवून मुलामा चढवून आणला. चांदी कुठली? आईंची कडी वितळवली! ती कडी!

“असं का केलंत हो?” मॅडमचा आवाज रडवेला.

“देवना प्याला असा उघडा कसा धाडू?” एवढंच बोलल्या.

दोधूकाका ओरडले, “अडानी बाई!” आणि खरं सांगते, या वेळी मला आईंची लाजच वाटली. सुरई, ताट, स्टँडं गाडीत चढली. त्यांच्यावर आईंचा हात कमी फिरला होता, म्हणून ती बरी होती. प्याला घ्यायला मॅडमनी नकार दिला. कागदावरून त्याचं नाव खोडलं.

आई शांतपणे पिशवीची नाडी बांधत होत्या.

२० एप्रिल, पुनरुत्थान रविवार

आज ईस्टरला प्याला सगळ्यांच्या हातात फिरला. दोधूकाकांच्यासुद्धा. परत येताना राहवलं नाही. म्हटलं, आई, तेव्हा मी इतकं समजावलं, तुम्ही ऐकलंच नव्हतं का?

“ऐकं व्हतं ना. मुलामा चढना का वस्तू मरनी, तूच सांगेल व्हतं.” रिकामं मनगट चोळत त्या म्हणाल्या, “म्हनीसन तं सोनारले दिधा.”