आजोबांनी राखून ठेवलेली वीज

ता. ४

तुझ्या त्या सौर बॅटऱ्या नुसत्या शोभेच्या निघाल्या! काल भर दुपारी वीज गेली, आजोबांचं श्वासाचं यंत्र बंद पडलं आणि तुझ्या चारही बॅटऱ्या ढिम्म. छतावर एवढं ऊन, आणि खाली माणूस माशासारखा तोंड वासतोय. शेजारच्या नर्सबाई सिलिंडर घेऊन धावल्या म्हणून निभावलं.

चि. इंजिनियरसाहेबांस आजीचे आशीर्वाद. आधी राग, मग आशीर्वाद. तुला सवय आहे.

तू बसवून गेलास त्याच आठवड्यात आजोबांनी खटका पाडून त्या बंद केल्या होत्या म्हणे. म्हणाले, बॅटरी भरलेली आहे, रोज वापरून कशाला झिजवा, अडचणीला राहू दे. हे यंत्र येण्याआधी वर्षभर वीज गेली की म्हणायचे, बसू गं जरा अंधारात. मला वाटलं, म्हातारा लाडात आलाय. आता या बॅटऱ्या कशा उठवायच्या ते कळव.

आजी

ता. ९

ती. आजीस सा. न. वि. वि.

बॅटरी रोज भरायची, रोज थोडी वापरायची, तरच जगते. पडून राहिली की आपोआप उतरते, आत क्षारांचा थर धरते. मग कितीही ऊन दिलं तरी घेत नाही. त्या आता उठणार नाहीत. नव्यांसाठी कारखान्यात खेटे घालतोय, तीन महिने लागतील म्हणतात. बाबाही काळजीत आहेत. आजोबांना रागावू नकोस. बसवताना मीच सांगायला हवं होतं.

तुझी माया आहेच, ती असू दे.

तुझा नातू

ता. १५

तीन महिने म्हणे! डॉक्टर तीन आठवडे कबूल करेनात. दवाखान्यात नेऊनही उपयोग नाही म्हणाले.

चि. नातवास आशीर्वाद. रागवू कुणावर? उलट बोलायची ताकद तरी हवी ना समोरच्यात.

वीज रोज जाते. आजोबांनी मला खटका चालू करायला लावलाय. खिडकीत ऊन आलं की विचारतात, भरतेय ना गं? मी आपली हो म्हणते. ते अंगाशी आलं. काल म्हणाले, आता सिलिंडर परत करून टाक, नर्सबाईंना उगाच त्रास. आपली बॅटरी आहे. मी खरं सांगितलं, तर हसले. म्हणाले, तुला यातलं काय कळतं!

तेव्हा बॅटऱ्या मेल्यात हे त्यांच्या नावाने, ठळक अक्षरांत लिहून पाठव. लोभ नंतर कर. बापाला लिहू देऊ नकोस, तो गोड गोड लिहील. उत्तर तूच द्यायचंस.

आजी