बाकांचा आवाज

शनिवार, संध्याकाळ. लातूर

सोमवारी प्रोजेक्ट द्यायचा आहे आणि आज मी त्यातला सगळ्यात चांगला आवाज काढून टाकला.

किल्लारीच्या मावशीच्या भूकंपाच्या आठवणी, ही माझी शेवटच्या वर्षाची फिल्म. भूकंपात जमीन गडगडते तो आवाज कुठे मिळेना. माझ्या खोलीच्या वर कोचिंग क्लास आहे. बॅच सुटली की पोरं बाकं ओढतात आणि छत गडगडतं. तेच रेकॉर्ड करून मावशीच्या बोलण्याखाली घातलं. सर खूश झाले. म्हणाले, मार्क यावरच मिळतील.

आज दुपारी किल्लारीला जाऊन मावशीला फिल्म दाखवली. तो आवाज आला तशी ती उठली आणि अनवाणी अंगणात गेली. दाराला कडी लावलेली नव्हतीच. भूकंपापासून तिच्या घरात कडी लावत नाहीत. मला हे माहीत होतं, फिल्ममध्येही आहे. तरी मी आवाज घातला?

"मावशी, बाकं हायत ती. क्लासची."

"हाव. माझं तोंड दाखव, रडणं दाखव. तेवढं मात्र काढ." मग धाप लागलेली असतानाच हसली. "एवढं शिकून बाकंच ओढायलास व्हय रे?"

काढला. आता तिथे नुसती शांतता आहे. सरांनी नापास केलं तर?

एवढं लिहिलं आणि वर बॅच सुटली. बाकंच आहेत, हे कळत होतं. तरी मी दाराशी पोचलो होतो, आणि हाताला कडी सापडत नव्हती.

आता कडी न लावताच लिहितो आहे.