मुठीतला सा

ठाकूरद्वार, मुंबई
ता. ९ फेब्रुवारी १८९३

चि. जयवंत व सौ. दमयंती यांस गुणवंतीचे अ. उ. आ. वि. वि.

तुमचं नाताळातलं पत्र परवा पोचलं. झांजीबारला सुखरूप उतरलात, मिशनच्या शाळेतच दोन खोल्या मिळाल्या आणि दुसऱ्याच दिवशी ऐंशी मुलं समोर बसवून तुम्हा दोघांना गायनमास्तर करून टाकलं, हे वाचून मला हसू आलं. जयवंता, बाबा ख्रिस्ती कीर्तन करायचे तेव्हा मागे झांजा धरायला नको म्हणून तू माळ्यावर लपून बसायचास. आता लप पाहू कुठे लपतोस ते.

कमलची काळजी करू नका. दमयंती, बोटीवर चढताना तू मागे वळून पाहिलं नाहीस ते का, हे मला कळलं. चार वर्षांच्या पोरीला त्या तापाच्या मुलखात न्यायला डॉक्टरांनीच मनाई केली, त्यात तुझा काय दोष? पहिले आठ दिवस ती उंबऱ्याशी बसून होती. आता वाडीतल्या मुलींत रमली आहे. मध्ये गोवर येऊन गेला, पण तो साऱ्या वाडीलाच आला होता. आठवडाभर अंथरुणात होती, आता बरी आहे. तुळसा कोळीण ओट्यावर टोपली उतरवते तेव्हा बोंबलांच्या शेपट्या धरायला हिचा नंबर पहिला.

एक मात्र सांगते, रागावू नका. आपल्या घराण्यात बेसूर माणूस निपजलं आहे. मी गीत म्हणू लागले की ही भलत्याच ठिकाणी सुरू होते आणि भलत्याच सुरात संपवते. रविवारच्या उपासनेत बायकांचं गायन माझ्याकडे, त्यामुळे तिला मागच्या बाकावर बसवावं लागतं. पेटीचं वेड मात्र विलक्षण. मी बाबांची पेटी उघडली की लाकडाला गाल चिकटवून बसते, ती उठवल्याशिवाय उठत नाही.

पत्रं लांबलचक लिहीत जा. इथे वाचायला वेळ आहे, आणि माया तर आहेच आहे.

तुमची आक्का

*

झांजीबार
ता. १७ एप्रिल १८९३

ती. आक्कास जयवंतचा सप्रेम सलाम वि. वि.

तुझं पत्र मिळालं. वेळ तुझ्याकडे असेल, आमच्याकडे त्याचा दुष्काळ आहे. सकाळी घंटा झाली की उपासना, मग लहान मुलांचं गायन, मग मोठ्यांचं, दुपारी दमयंती मुलींना शिवण शिकवता शिकवता गायला लावते, आणि संध्याकाळी मी पेटी दुरुस्त करतो. ही दुरुस्ती रोजची आहे. दमट हवेनं सूर चिकटतात, आणि वाळवीनं भात्याचं कातडं एका सुट्टीत फस्त केलं. लवंगा वाळत घातल्यामुळे सारं गाव घमघमतं, तेवढं एक सुख आहे.

मुलं मात्र गुणी. यांतली बरीचशी गुलामांच्या गलबतांवरून सोडवून आणलेली. आई-बापाचं नावही काहींना ठाऊक नाही. आम्हाला त्यांची भाषा येत नाही, त्यांना आमची नाही. म्हणून इथे हातांनी गाणं शिकवायची पद्धत आहे. प्रत्येक सुराला हाताची एक खूण. मूठ वळली की सा, तळहात जमिनीसारखा आडवा धरला की ग, तोच छातीकडे वळवला की प. मी नुसते हात हलवतो आणि ऐंशी मुलं गातात. गीत शेवटी सा वर, म्हणजे मुठीवर येतं. परवा चौकीदार मध्येच आला, मी हात खाली घेतला आणि त्याच्याशी बोलत राहिलो. जेवणाची घंटा झाली तरी एक मूल हलेना. मी परत येऊन मूठ दाखवली, सगळ्यांनी सा लावला, मग पळाली.

बेसूर पोरीचं ऐकून मात्र मला रागच आला. बाबांची नात बेसूर? आक्का, तू लाडानं तिला बिघडवते आहेस. मुंबईला येणाऱ्या एका गृहस्थांबरोबर सुराचा चिमटा पाठवतो आहे. पोलादाचा आहे, टेबलावर आपटला की शुद्ध सूर देतो. रोज सकाळी तिच्याकडून तेवढा एक सूर घोटून घे.

तुझा लोभ आहेच, माझ्या रागासकट तो असाच वाढत राहो.

जयवंत

*

झांजीबार
ता. २ ऑगस्ट १८९३

ती. वन्संस दमयंतीचा सप्रेम सलाम वि. वि.

यांच्या पत्राचं मनावर घेऊ नका. चिडले की हात वर करून शिकवतात आणि हात खाली आला की राग विसरतात. शाळेत आता सत्त्याण्णव मुलं झाली आहेत. माझ्या वर्गातल्या मुलींनी मला एक टोपली विणून दिली आहे, तिच्यात काय ठेवू ते अजून ठरत नाही.

वन्सं, मनातलं सांगते. दिवसभर दुसऱ्यांच्या लेकींना गायला शिकवते आणि त्यांनी चांगलं म्हटलं की मला भरून येतं, आणि मग वाटतं, आपली तिकडे काय म्हणत असेल? तिला निजवताना मी जी अंगाई म्हणायची ती तुम्हाला ठाऊक आहे. तेवढी एक तिला येऊ द्या. मी गोदीत उतरेन तेव्हा तिनं ती मला म्हणून दाखवावी, बाकी मला काही नको. तिला माझा चेहरा आठवत नसेल, हे मी मनाशी धरलं आहे. गाणं आठवत असेल तर मी तिची आई आहे हे तिला सांगावं लागणार नाही.

तुमच्या पत्राची वाट पाहणारी,
दमयंती

*

ठाकूरद्वार
ता. २१ नोव्हेंबर १८९३

चि. जयवंत व सौ. दमयंती यांस अ. उ. आ. वि. वि.

हे पत्र मी तीन वेळा लिहून फाडलं. आता फाडणार नाही.

कमल बेसूर नाही. तिला नीट ऐकू येत नाही.

मला आधी तुळसा कोळणीनं सांगितलं. पावसाळ्यातली गोष्ट. ती ओट्याखालून हाका मारत होती आणि तुम्हाला ठाऊकच आहे, तिचा आवाज चर्नी रोडला जातो. कमल पाठमोरी चिंचोके खेळत होती, तिनं मान वळवली नाही. तुळसा म्हणाली की बाय, ही पोर तोंडं बघून बोलते गो, कानानं नाय. मी तिच्यावरच उखडले आणि चार दिवस मासळी घेतली नाही. मग तुझा चिमटा आला. मी आपटून कानाशी धरला, ती माझ्याकडे बघत राहिली. नेहमीप्रमाणे मला वाटलं, हट्ट करते आहे. मग तिनं तो माझ्या हातून घेतला, स्वतः आपटला आणि त्याचा दांडा दातांत धरला. जयवंता, पोरीचं तोंड असं उजळलं! नंतर तिनं तो माझ्या दातांत दिला. सारं डोकं सुरानं भरून जातं रे. तेव्हा मला तो पेटीला चिकटलेला गाल आठवला.

बायकांच्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंना दाखवलं. गोवरानंतर दोन्ही कान फुटत होते, हे मी तुम्हाला लिहिलं नव्हतं. मी लसणीचं तेल कढवून घालत राहिले, आपल्या आईनं घातलं म्हणून. बाई खूप रागावल्या. म्हणाल्या की तेल तर मुळीच घालायचं नव्हतं. आता कान कोरडे ठेवायचे आहेत. उजव्यानं पुढे थोडं अधिक ऐकू येईल, डाव्याची आशा नाही. हाडावाटे सूर पोचतो, म्हणून ती पेटीला बिलगते.

मी तिला जवळजवळ वर्षभर मागच्या बाकावर बसवलं. दमयंती, तुझ्या अंगाईचं वाचलं त्या दिवशी मी जेवले नाही. तुम्ही दोघं सुरांत राहणारी माणसं. पोर तुमच्याच घरात परकी होईल अशी मला भीती वाटते, आणि हे माझ्या हातून झालं. काय बोलायचं ते बोला.

तुमच्या मायेवर हक्क सांगायची आज हिंमत नाही.

गुणवंती

*

झांजीबार
ता. ३० जानेवारी १८९४

ती. वन्संस दमयंतीचा सप्रेम सलाम वि. वि.

तुमचं पत्र वाचून मी एक दिवस तुमच्यावर फार रागावले होते. खोटं कशाला लिहू? तेलाचं वाचून तर पत्र चुरगळून टाकलं. हे पेटी उघडून बसले आणि वाजवलीच नाही. दुसऱ्या दिवशी वर्गात मी सवयीनं हात वर केला आणि पोरी गाऊ लागल्या, आणि माझ्या लक्षात आलं की मी आवाज काढलेलाच नाही. इथे वर्षभर मी गाणं डोळ्यांना शिकवते आहे आणि स्वतःच्या लेकीसाठी ते मला सुचलं नाही. मग राग कुणावर धरायचा? आजवरच्या पत्रांत मी ती गाते का हे विचारलं, ऐकते का हे एकदाही विचारलं नाही. पेटी, चिमटा, कीर्तन यांत वाढलेल्या आम्हा सगळ्यांना गळा तेवढा दिसला.

आता माझं ऐका. सोबतच्या चार कागदांवर यांनी हात काढून दिले आहेत. ती आपली अंगाई आहे, एकेक सुराचा एकेक हात. चित्रं वाईट आहेत, पंजे केळ्यांच्या फण्यांसारखे दिसतात, पण खुणा बरोबर आहेत. तिचा गाल पेटीला लावा, एका हातानं सूर धरा आणि दुसऱ्या हातानं खूण दाखवा. शेवटची मूठ विसरू देऊ नका.

यांचा करार पुढच्या वर्षापर्यंत आहे. मी मात्र डिसेंबरात येते, एकटी, आणि हे येईपर्यंत ठाकूरद्वारलाच राहीन. तुमच्याकडून पोर काढून घ्यायला येत नाही. तुमच्या दोघींत मला जागा करा.

आणि तुळसाकडून मासळी घेत जा.

तुमच्यावर एकच दिवस रागावलेली,
दमयंती

*

ठाकूरद्वार
ता. १२ डिसेंबर १८९४

चि. जयवंतास अ. उ. आ. वि. वि.

दमयंती सोमवारी सुखरूप पोचली. ती दमली आहे म्हणून हे पत्र मी लिहिते. ती लिहिती तर रडून कागद भिजवती.

आम्ही सकाळपासून गोदीत उभ्या होतो. मी, कमल आणि आपण होऊन आलेली तुळसा. बोट लागली पण शिडी टाकीनात. डॉक्टरांची तपासणी व्हायची होती. भोंगे, साखळ्यांचा खडखडाट, हमालांचा आरडाओरडा, सारे लोक वर बघून हाका मारताहेत आणि कुणाचं कुणाला ऐकू येत नाही. तुळसानं आपला आवाज लावून पाहिला, तोसुद्धा कुठल्या कुठे गेला. मला दमयंती कठड्याशी दिसली. मी कमलला खांद्यावर घेऊन आईकडे बोट दाखवलं. पोर बघत राहिली. ओळख काही दिसेना.

मग दमयंतीनं हात वर केला. मूठ. मग आडवा तळहात, मग छातीकडे वळवलेला. अंगाई. कमल खांद्यावर ताठ झाली आणि तिचे हात सुरू झाले. एवढ्या गोंगाटात साऱ्या गोदीत त्या दोघींचंच काय ते बोलणं चाललं होतं. खालच्यांना वाटलं, काहीतरी खेळ आहे. शेवटची ओळ आली, एकच सूर उरला, आणि तेवढ्यात शिपायांनी उतारूंना तपासणीला आत हाकललं. दमयंती दिसेनाशी झाली.

कमलनं मूठ वर केली आणि तशीच धरली. चांगला अर्धा तास. मी म्हटलं, बाळ, हात दुखेल. ती मान हलवायची. एका गोऱ्या शिपायाला वाटलं, ही त्याला धमकावते आहे. तो हसून बाजूला झाला. तुळसा शेवटी खालून तिच्या कोपराला हात लावून उभी राहिली.

दमयंती शिडीवरून आली ती धावतच. जवळ आली आणि थांबली. तिच्या मनात पोरीला छातीशी धरायचं होतं, मला दिसत होतं. पण तिनं ती मुलींनी विणलेली टोपली खाली ठेवली, मूठ वळली आणि कमलच्या मुठीला टेकवली. तेव्हा कुठे कमलनं हात खाली घेतला आणि आईच्या गळ्यात टाकला.

उजव्या कानाला आता पुष्कळ बरं आहे. गळा मात्र अजून भलत्याच सुरात लागतो, तो आता तुझ्याकडून आला असं आम्ही ठरवलं आहे. रविवारी ती माझ्याशेजारी पुढच्या बाकावर बसते. आज सकाळी मायलेकी पेटीला दोन बाजूंनी गाल लावून बसल्या होत्या, आणि वाजवायला मला बसवलं. दोन तास. हात मोडले माझे. तू लौकर ये आणि तुझी पाळी घे.

तोवर लोभ तिकडच्या मुलांना थोडा देऊन उरलेला इकडे पाठवत जा.

तुझी आक्का