गॅलरीतून घरी फोन

रविवार, दिवेलागणीची वेळ
मुक्काम: घरची गॅलरी

प्रिय अश्ववैद्य,

सप्रेम नमस्कार. तुझे घोडे, गाई आणि परीक्षक तुझ्याशी माणुसकीने वागत असतील, अशी आशा आहे.

वि. वि. माझी खुंटी गेली.

हसू नकोस. दारामागची पहिली खुंटी लग्नापासून माझ्या पिशवीची होती. वहिवाट म्हणून काही चीज असते की नाही? दोन वर्षं परदेशी शिकायला काय गेलो, परतून पाहतो तर तिथे लाल हेल्मेट. हेल्मेट तुझ्या वहिनीचं. माझ्या गैरहजेरीत ती स्कूटर शिकली. मी रीतसर तक्रार मांडली. माझा पूर्वपक्ष शांतपणे ऐकून घेण्यात आला आणि निकाल लागला, "शेवटची रिकामी आहे ना, तिला लावा." शेवटच्या खुंटीला पिशवी लावली की दार पुरतं उघडत नाही. म्हणून पिशवी सध्या खुर्चीवर असते, आणि त्या खुर्चीवरून मी रोज बोलणी खातो.

परतल्यावर कसं वाटतं, असं तू विचारलं होतंस. तुझंही परतणं आता जवळ आलं, म्हणून सांगतो. सुरुवातीला मी फ्रिजच्या फक्त दुसऱ्या कप्प्यातलं खात होतो. आपल्या तिकडच्या वसतिगृहातल्या त्या सामाईक स्वयंपाकघरात दुसरा कप्पा माझा होता ना? वरचा तुझा, खालचा त्या अबोल गणितज्ञाचा. हात आपोआप तिथेच जायचा. लेकीने काही दिवस पाहिलं आणि मग म्हणाली, "बाबा, अख्खा फ्रिज आपलाच आहे हो. खालची द्राक्षंसुद्धा."

बाकी ठीक. कॉलेजात माझा तास पुन्हा जेवणानंतरचा, म्हणजे विद्यार्थ्यांची झोप मोडू न देण्याची जबाबदारी माझ्यावर. शेजारचे निवृत्त इंजिनिअर जिन्यात भेटले. "संस्कृत शिकायला इतक्या लांब?" म्हणाले. मी म्हटलं, "जुन्या पोथ्या तिकडे आहेत." "मग येताना घेऊन यायच्या!" हे म्हणून ते भाजी आणायला गेले.

आठवण येते ती त्या स्वयंपाकघराची. दुपार सरायच्या आत पडणारा तो अंधार, खिडकीच्या काचेवर साचलेली वाफ, तुझा करपलेला कांदा. माझा फोन वाजला की तू माझ्या हातातला झारा हिसकावून घ्यायचास. "शास्त्रीबुवा, वहिनींचा फोन! पळा, हे मी बघतो." मग तू तेही करपवायचास. मी जिन्याच्या पायरीवर बसायचो, आणि ती बोलायची. बँकेतल्या साहेबांच्या नकला करायची, लेकीची भांडणं सांगायची. रात्री दाराला कडी लावून घेताना वाटणारी भीतीही एकदा सांगितली होती. इतक्या वर्षांच्या संसारात ऐकलं नव्हतं तेवढं मी त्या पायरीवर ऐकलं. आणि मीही बोलायचो! 'हूं' या एकाक्षरी मंत्रावर संसार रेटलेला मी, त्या पायरीवर वाक्यंच्या वाक्यं बोलायचो. पाठ गारठली तरी उठायचो नाही.

आमचे संस्कृत कवी विरहावर सर्गच्या सर्ग लिहितात. मीलन झालं की दोन श्लोकांत गाशा गुंडाळतात. दुसऱ्या दिवशी चहा घेताना त्या दोघांनी काय बोलायचं, हे एकानेही लिहून ठेवलेलं नाही. दोन वर्षं पोथ्या चाळून आलोय, तेव्हा हे अधिकारवाणीने सांगतो.

हे सुचलं, कारण आता आम्ही बोलत नाही रे. भांडण नाही, अबोला नाही. "मीठ द्या." "गॅस बंद केलात?" एवढंच. फोनची ती वेळ झाली की दोघंही घरातच असतो, आणि दोघंही उगाच उठून काहीतरी आवरायला लागतो.

त्यातच गेल्या आठवड्यात मार्गदर्शक बाईंचं पत्र आलं. पोथ्यांचं काम उरलंय, आणखी एक वर्ष या. हिला सांगितलं तेव्हा ती कपड्यांच्या घड्या घालत होती. "जा की," म्हणाली. "काम अर्धवट कशाला ठेवायचं?" आणि घातलेली टॉवेलची घडी उलगडून पुन्हा घातली.

आता मघाची गोष्ट. फिरायला जातो म्हणून उठलो, पण चपला सापडेनात. कुठे ठेवल्या, हे विचारायचाही संकोच वाटला. स्वतःच्या घरात, स्वतःच्या चपलांचा! म्हणून शोधत शोधत गॅलरीत आलो. स्वयंपाकघराची खिडकी गॅलरीत उघडते. काय वाटलं कोण जाणे, मी तिला फोन लावला.

आत फोन वाजला. तिने नाव पाहिलं, हात पुसले, गॅस बारीक केला. स्टुलावर बसली, पाय उचलून समोरच्या डब्यावर ठेवले आणि डोळे मिटून घेतले. मग म्हणाली, "बोला."

तिकडे पायरीवर बसून मी ज्या आवाजाची वाट पाहायचो, तो हाच. ती अशी बसून बोलत होती, हे मात्र मी आज पाहिलं.

"कुठपर्यंत पोचलात?"

"कोपऱ्यापर्यंत," मी ठोकून दिलं. "तू काय करतेयस?"

"काही नाही, बसलेय. अहो, एक सांगायचं राहिलं होतं. स्कूटर शिकताना मी पडले होते. गुडघा चांगला सोलवटला होता. तुम्ही तिकडे काळजी करत बसला असतात, म्हणून बोलले नाही."

"आता दुखतो?"

"थंडीत. जरासा."

मग आम्ही बोलत राहिलो. तिच्या साहेबांची नवी नक्कल झाली, मला मोठ्याने हसता येईना म्हणून मी शर्टाची बाही तोंडात धरली. मग एकदम धीर करून विचारलं, "काय गं, जाऊ का मी वर्षभर?"

तिने डोळे उघडले नाहीत.

"समोर विचारलंत तेव्हा जा म्हटलं. फोनवर विचारताय म्हणून खरं सांगते. नका जाऊ."

"बरं," मी म्हटलं.

"आणि चपला हेल्मेटच्या खाली आहेत," म्हणाली आणि फोन ठेवला. खिडकीकडे पाहिलंसुद्धा नाही. उठली आणि गॅस मोठा केला.

तेव्हापासून मी इथेच बसून तुला लिहितोय. बाईंना नकार उद्याच कळवतो, त्याचा काही प्रश्न नाही. खुंटीचंही काही नाही, तिथे हिने खुशाल आणखी दोन हेल्मेटं लावावीत.

मला आत जायचंय. मधलं दार उघडंच आहे. पण मी समोर जाऊन उभा राहीन, ती माझ्याकडे पाहील, आणि पुन्हा आम्ही एकमेकांकडे मीठ मागत बसू, याची मला भीती वाटते.

उजेड कमी झालाय, थांबतो.

आपल्याच घराच्या उंबऱ्याशी अडलेला,
तुझा शास्त्रीबुवा